फिजिक्सवाल्याच्या हातातला रिमोट

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की आमचा ग्रुप महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ठरवून एखादा भंगार सायन्स फिक्शन मारधाडपट बघतो. झालं! मला वाटलं हा आमचाच चावटपणा आहे, तर तुमच्या पत्रांवरून कळलं की निम्मं ठाणे आणि पाऊण नवी मुंबई हेच करतेय. म्हणून या वेळी नवरा-बायको, भाडेकरू-मालक, वजन वाढणं वगैरे नेहमीची पत्रं बाजूला ठेवली आहेत. त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, आम्ही कॉलेजचे सहा मित्र, आता सगळे पस्तिशीच्या पुढे. घोडबंदर रोडला माझा टू बीएचके आहे, तिथे जमतो. नियम एकच, सिनेमा जेवढा टुकार तेवढा चांगला. परवा १९९८ चा 'आर्मगेडन' लावला, तो नाही का, पृथ्वीवर धोंडा येतोय म्हणून तेलाच्या विहिरी खणणाऱ्यांना अंतराळात पाठवतात तो. आमच्यातला एक जण क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याने रिमोट घेतला तो सोडलाच नाही, पहिल्या तासाभरातच अकरा पॉज, मी मोजले. अडीच तासांचा सिनेमा संपायला पावणेदोन वाजले, दोघं तर घोरत होते. बाकीचे म्हणतात पुढच्या वेळी त्याला कळवायचंच नाही. पण माणूस वाईट नाही हो, माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून होता. काय करू?
– वैतागलेला यजमान, कासारवडवली

उत्तर : आधी मला सांगा, अकरापैकी किती वेळा तो बरोबर होता? अकराच्या अकरा वेळा, हो ना? तिथेच तर गोची आहे. चुकीचं बोलणाऱ्याला चार जण मिळून गप्प करता येतं, बरोबर बोलणाऱ्याचं काय करणार?

आणि त्याच्या बाजूने एक सांगते, तुम्ही सिनेमाच असा लावलात की फिजिक्सवाल्यासमोर पुरणपोळीचं ताट ठेवायचं आणि म्हणायचं हात लावू नकोस. त्यातला धोंडा केवढा, तर टेक्सास राज्याएवढा, म्हणजे बाराशे किलोमीटरच्या आसपास. आपला अख्खा महाराष्ट्र पूर्व-पश्चिम आठशे किलोमीटर. आणि हे प्रकरण शास्त्रज्ञांना कळतं कधी, तर अठरा दिवस आधी! अहो, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गोळा सेरेस, तो साडेनऊशे किलोमीटरच्याही आतला, आणि तो इटलीतल्या एका माणसाने १ जानेवारी १८०१ ला दुर्बिणीतून शोधला, इकडे पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता तेव्हा. म्हणजे पेशवाईत जे दिसलं त्याहून मोठं काहीतरी या लोकांना अठरा दिवसांवर येईपर्यंत दिसत नाही. मग हिरो जाऊन त्यात आठशे फूट खोल भोक पाडतो, बॉम्ब टाकतो आणि धोंड्याचे दोन तुकडे. आठशे फूट म्हणजे साधारण २४० मीटर. मीटरभर व्यासाचा बॉल घ्या आणि त्यावर नखाने ओरखडा काढा, तेवढंही नाही ते. कलिंगडाच्या सालीवर टिकली फोडून कलिंगड दुभंगत नाही.

बरं, ही शंका काय एकट्या तुमच्या मित्राला आली असं नाही. त्याच सिनेमात काम केलेल्या बेन ॲफ्लेकने डीव्हीडीवरच्या कॉमेंट्रीत सांगितलंय की त्याने दिग्दर्शक मायकल बे याला विचारलं होतं, खणणाऱ्यांना अंतराळवीर बनवण्यापेक्षा अंतराळवीरांनाच खणायला शिकवणं सोपं नाही का? दिग्दर्शकाने त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. म्हणजे बघा, तुम्ही सगळे मिळून आज जे करायला निघालाय ते दिग्दर्शकाने तेव्हाच करून टाकलं होतं.

आता आमची गोष्ट सांगते. आमच्याकडेही असा एक आहे, आम्ही त्याला 'सर' म्हणतो. सर एका वर्षी इतके बोलले की पुढच्या वेळी आम्ही त्यांना खरोखरच कळवलं नाही. नौपाड्यात माझ्याच घरी होतो, सिनेमा पण मस्त टुकार, हिरो एका हाताने हेलिकॉप्टर धरून ठेवतो त्या लेव्हलचा. आणि काय सांगू, मजाच येईना. हेलिकॉप्टर धरलं, कोणी काही बोललं नाही. तो चुकीचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण किती चुकीचा ते सांगणारं कोणी नव्हतं. सव्वा तासात बंद केला आणि तलावपाळीला आइस्क्रीम खायला गेलो, तिथे सर भेटले. बायकोबरोबर फिरत होते. त्यांनी आम्हा पाच जणांना एकत्र बघितलं, मग माझ्या हातातल्या कोनकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कुठला होता?" मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं.

तर उपाय. माणूस काढू नका, रिमोट काढा. रिमोट घरमालकाकडे, पॉज फक्त बाथरूम आणि कुकरची शिट्टी यासाठी. आणि त्याला काम द्या. आम्ही सरांना हाऊसीची तिकिटं करायला लावली. गणपतीत सोसायटीत खेळतो तीच हाऊसी, फक्त नंबरांच्या जागी सिनेमातल्या गोष्टी. जुन्या लग्नपत्रिका उलट्या करून मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी पट्टी लावून चौकोन आखले, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. 'अंतराळात स्फोटाचा आवाज', 'टाइमर एक सेकंदावर थांबला', 'एकच शास्त्रज्ञ ओरडून सांगतोय आणि मंत्री ऐकत नाही', 'की-बोर्डवर चार बटणं दाबून परग्रहवासीयांचा कॉम्प्युटर हॅक', 'हिरो स्फोटाकडे पाठ करून चालतो'. खुणेला शेंगदाणे. आता सर स्क्रीनकडे डोळे लावून बसतात, चूक झाली की फक्त "बावीस!" असं ओरडतात, बावीस म्हणजे काय ते तिकिटाच्या मागे लिहिलेलं. दोन सेकंदांत विषय संपतो. पहिल्या वेळी एक लोचा झाला, इंटरव्हलपर्यंत अर्ध्यांनी आपापल्या खुणा खाऊन टाकल्या, फुल हाऊस कोणाचं यावरून भांडण, शेवटी सरांनीच निकाल दिला की ज्याच्या तिकिटावर जास्त मीठ तो जिंकला. आता राजमा वापरतो, कच्चा.

आणि सिनेमा संपल्यावर चहाबरोबर त्याला दहा मिनिटं द्या, मोबाइलवर टाइमर लावून. खरंच ऐका त्याचं. आमच्या सरांनी एकदा त्या दहा मिनिटांत 'डार्ट' सांगितलं होतं. नासाने खरोखर एक यान एका धोंड्यावर नेऊन आपटलं, आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२२ ची पहाट होती, पावणेपाचचा सुमार, नवरात्राची दुसरी माळ, टेंभीनाक्याला देवीचा मांडव सजलेला आणि तिकडे एक कोटी किलोमीटरच्याही पलीकडे हे चाललेलं. धोंडा १६० मीटरच्या आसपासचा, नाव डायमॉर्फस, तो दुसऱ्या मोठ्या धोंड्याभोवती फिरतो. यानाचं वजन सहाशे किलोही नव्हतं आणि वेग सेकंदाला सहा किलोमीटर, म्हणजे सीएसएमटी ते ठाणे साडेपाच-सहा सेकंदांत. त्या छोट्या धोंड्याची एक फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती ती ११ तास २३ मिनिटांवर आली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी पास, असं त्यांनी आधी ठरवलेलं, पडला ३२ मिनिटांचा. ना बॉम्ब, ना खणणारे, ना कोणी कोणाला मिठी मारून रडलं. सर म्हणाले, धोंडा फोडायचा नसतो, वर्षानुवर्षं आधी हलकेच ढकलायचा असतो. तेव्हा आमच्यातल्या कोणालाच झोप आली नव्हती.

तुमच्या मित्राला कळवा. कळवताना तिकिटांचं पण सांगा, म्हणजे त्याला आठवडाभर कामाला लावता येईल.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. मित्रांबरोबर बघितलेल्या एका सिनेमात माणूस अंतराळात बाहेर फेकला जातो आणि फुग्यासारखा फुटतो. दुसऱ्या सिनेमात हिरो श्वास रोखून एका यानातून दुसऱ्या यानात उडी मारतो, काही होत नाही त्याला. मुलगा विचारतो नक्की काय होतं, मला सांगता येईना. आणि तो रात्री घाबरतो पण.
– एक आई, नेरुळ

उत्तर : दोन्ही खोटं, आणि श्वास रोखणं तर सगळ्यात वाईट. बाहेर हवेचा दाब नाही, मग छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुफ्फुसं फाटू शकतात. त्यामुळे हिरोने उलट श्वास सोडून उडी मारायला हवी. फुटत मात्र नाही माणूस, आपली कातडी चांगली चिवट असते. अंग सुजतं. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते कारण मेंदूला ऑक्सिजनवालं रक्त मिळत नाही, आणि दीड-दोन मिनिटांत परत हवेत आणलं नाही तर संपलं.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९६६ साली ह्यूस्टनला नासाच्या एका चेंबरमध्ये स्पेससूटची चाचणी चालली होती, आतली जवळजवळ सगळी हवा काढलेली, आणि सूटची नळी निसटली. आतला माणूस चौदाएक सेकंदांत बेशुद्ध पडला. लगेच हवा सोडली म्हणून वाचला, आणि नंतर त्याने सांगितलं की शुद्ध जाण्याआधी शेवटचं काय जाणवलं, तर जिभेवरची थुंकी उकळत होती.

हे मुलाला समजवायचं तर त्याला किचनमध्ये न्या. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभरच्या पुढे, एकशेवीसच्या आसपास जाऊन उकळतं आणि डाळ पटकन शिजते. लेहला दाब कमी, पाणी लवकर उकळतं पण भात कच्चा राहतो. असंच दाब कमी कमी करत गेलात तर शेवटी अंगाच्या गरमीवर, सदतीस डिग्रीलाच पाणी उकळतं. थुंकी उघडी असते म्हणून ती उकळते, रक्त नसांमध्ये दाबाखाली असतं म्हणून ते तसं लगेच उकळत नाही. आणि बर्फ पण होत नाही हो कोणी एका सेकंदात! थर्मासमध्ये चहा गरम का राहतो, तर दोन भिंतींच्या मध्ये हवा नसते म्हणून. अंतराळ हा सगळ्यात मोठा थर्मास.

घाबरण्याचं म्हणाल तर आमच्याकडचा अनुभव असा की 'फुटतो' हे मुलांना भीतिदायक वाटतं आणि 'थुंकी उकळते' हे भयंकर आवडतं. शाळेत सगळ्यांना सांगून येईल बघा.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी पोरं जमून असले सिनेमे लावतात. डायलॉग ऐकू येत नाहीत, पण धडाम-धुडूम सगळं आमच्या बेडरूममध्ये. भिंती चांगल्या जाड आहेत, तरी कसं येतं? सेक्रेटरी म्हणतात आपसात मिटवा.
– खालचे काका, खारघर

उत्तर : काका, डायलॉग येत नाहीत आणि धडाम येतं यातच उत्तर आहे. बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज भिंत अडवते. वूफरचा आवाज म्हणजे चाळीसेक हर्ट्झ, त्याची एक लाट साडेआठ मीटर लांब, तुमच्या दोन खोल्यांएवढी. ती भिंतीला जुमानत नाही, आणि वूफर जमिनीवर ठेवलेला असला तर स्लॅबच थरथरतो, मग तुमचं सीलिंग म्हणजेच स्पीकर. त्यांना सांगा वूफरखाली जाड फोम किंवा जुनी गादी घाला आणि भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर ओढा, बराच फरक पडतो. नियम पण आहे, रात्री दहा ते सकाळी सहा राहत्या वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल, २००० सालचे नियम आहेत. पण नियम घेऊन वर जाऊ नका, फरसाण घेऊन जा. सातला सिनेमा सुरू केला तर क्लायमॅक्स साडेनऊला होतो, एवढं साधं गणित आहे, पोरं ती नऊशिवाय जमत नाहीत ही खरी अडचण.

नाहीच ऐकलं तर त्यांना म्हणा, बाळांनो, अंतराळात हवा नाही, हवा नाही म्हणजे आवाज नाही, तेव्हा यानांची मारामारी आली की विज्ञानाला धरून म्यूट करत चला.

प्रश्न : हिरो लेझरची गोळी वाकून चुकवतो. शक्य आहे का? पैज लागली आहे, हजार रुपये.
– दोन भाऊ, कळवा

उत्तर : 'नाही' म्हणणाऱ्याला हजार द्या. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. गोळी येताना दिसली असं म्हणायचं तर तिच्यापेक्षा वेगवान काहीतरी तुमच्या डोळ्यापर्यंत आधी पोचायला हवं, आणि असं काही नाही. दिसली म्हणजे लागलीच. सिनेमातल्या लाल रेघा तर रिक्षेपेक्षा हळू जातात. शिवाय अंतराळात लेझरची रेघ बाजूने दिसणारच नाही, मिरवणुकीत दिसते ती धूर आणि धुळीमुळे.

प्रश्न : मी एसवायला आहे, वाशीला. माझे मित्र हे सिनेमे बघतात म्हणून आमचे एक सर म्हणाले, शहाण्या माणसाने असल्या गोष्टींत वेळ घालवू नये, खऱ्या शास्त्रज्ञांना विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ वाटतो. खरं आहे का?
– ओशाळलेली

उत्तर : सरांना जयंत नारळीकरांचं नाव सांग. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर काम केलेला माणूस, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. त्यांना कथा पाठवायची होती, पण आपलं नाव बघून कोणी बक्षीस देऊ नये असं वाटत होतं. म्हणून आपली आद्याक्षरं उलटी केली, ज. वि. ना. चं ना. वि. ज., आणि नाव घेतलं नारायण विनायक जगताप. तेवढ्यावर थांबले नाहीत, अक्षर ओळखू येईल म्हणून कथा बायकोच्या, मंगलाताईंच्या हाताने लिहून काढली. कथेचं नाव 'कृष्णविवर', पहिलं बक्षीस मिळालं. मला यातला अक्षराचा भाग फार आवडतो, केवढी ती काळजी, तीही एका पोरखेळासाठी! आणि ते हॉइल स्वतः पण विज्ञान कादंबऱ्या लिहायचे.

आता नारळीकरांच्या कथेत आणि हेलिकॉप्टर एका हाताने धरणाऱ्यात फरक आहे, ते मी नाकारत नाही. एकात विज्ञान काढलं तर कथाच उरत नाही, दुसऱ्यात विज्ञान काढलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण रविवारी मिसळ खाणारा माणूस सोमवारी वरण-भात खातोच ना. ओशाळू नकोस, आणि पुस्तकही आण लायब्ररीतून.

प्रश्न : ताई, आमच्या मैत्रिणींचा ग्रुप माझ्याकडे असे सिनेमे बघायला जमतो. सासूबाई पण बसतात, वय ७४. त्यांना इंग्लिश येत नाही, डबिंग आवडत नाही. दर दोन मिनिटांनी "हा कोण?", "हा मेला का?". मैत्रिणी काही म्हणत नाहीत पण मला अवघडल्यासारखं होतं. आणि गंमत म्हणजे कोण मरणार ते त्या आधीच सांगतात आणि बरोबर निघतं!
– सून, ऐरोली

उत्तर : कसं ओळखतात ते विचारलंत का? मी माझ्या आईला विचारलं होतं. ती म्हणाली, ज्याने खिशातून बायको-मुलांचा फोटो काढला तो गेला, जो म्हणतो ही माझी शेवटचीच ड्यूटी तो गेला, आणि जो पहिल्यापासून खेकसतोय तो शेवटी सगळ्यांसाठी जीव देणार. तीस वर्षं सिरियल बघितल्यावर एवढं येतंच.

त्यांना उत्तर द्यायला एकीला शेजारी बसवा, पाळीपाळीने, म्हणजे एकटीवर ओझं नाही. हाऊसीचं तिकीट द्या, मोठ्या अक्षरात. फक्त कोण मरणार यावर त्यांच्याशी पैशाची पैज लावू नका, मी आईला आत्तापर्यंत साडेचारशे रुपये देणं लागते आणि ती विसरत नाही.